येते म्हण

इतकी वर्षं पृथ्वीच्या सोबतीनं सूर्याभोवती फिरणारा तो लघुग्रह आता तिची सोबत सोडून दूर चालला होता. त्यावरच्या वसाहतीत नवऱ्यासह कायमचं राहायचं ऋजुतानं ठरवलं होतं.

"जाते गं, आई," ती पडद्यावरून म्हणाली.

"जाते काय? येते म्हणावं!" चिपळूणच्या घरातून अनघाताई डाफरल्या.

"अगं, हा दगड पुन्हा पृथ्वीजवळ येईल तेव्हा आपण कुणीच नसू."

"नसू तर नसू. येते म्हण."

तिकडचं उत्तर यायला हल्ली वेळ लागायचा. अनघाताई पडद्याकडे बघत राहिल्या.

"बरं. येतो आम्ही तिघं."

"तिघं?" अनघाताईंनी डोळ्यांना पदर लावला. "मेले, आत्ता सांगतेस? डिंकाचे लाडू आता कुठं पाठवू?"