लाल लोकर
धरणात गाव बुडाल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलेली माणसं आमच्या दवाखान्यात भरती झाली, की त्यांच्या जखमेतला पू मी तपासायला पाठवते. औषधांना न जुमानणारे जंतू कोणात आहेत, ते वेळेत कळायला हवं. गोकुळाबाईंच्या पायाच्या जखमेत ते निघाले. अशा पेशंटला कोपऱ्यातल्या खाटेवर वेगळं ठेवायचं आणि ओळखू यावं म्हणून मनगटाला लाल पट्टा लावायचा. पट्टे संपले होते. मी लाल लोकर बांधली. “हे काऊन, बाई?” त्यांनी विचारलं. माझे अजून सहा पेशंट बाकी होते. म्हटलं, “हे बांधलं का तुमचा रोग दुसऱ्याले लागत नाई.” त्यांनी ते मनगट कपाळाला लावलं. मी पुढच्या खाटेकडे वळले. आज सकाळी ड्रेसिंगला गेले, तर मनगट मोकळं. “लोकर कुठी गेली?” “माह्या सुनेले पोरगी झाली नं काल,” गोकुळाबाई हसल्या. “पाय ओढत जाऊन पाहून आली मी.” ट्रे तिथंच टाकून मी बाळंतिणींच्या वॉर्डात धावले. त्यांची सून रोशनी उठून बसली. “सासूबाईनं आपल्या हातची सोडून बांधली,” ती कौतुकानं म्हणाली. “म्हणे, सिस्टरनंच सांगतलं, हे बांधलं का रोग जवळ येत नाई.” तिनं दुपटं बाजूला केलं. बाळाच्या मनगटावर नजरेच्या काळ्या दोऱ्याशेजारी माझी लाल लोकर होती, पुवाचा पिवळा डाग लागलेली. आणि बाळ तीच मूठ चोखत होतं.