उलटलेली तारीख

सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ब्लाउज शिवणाऱ्या द्वारकाबाई भालेकर सात ऑगस्टला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आल्या. चिठ्ठीवर ७/८ लिहिलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवर पाहिलं. "आजी, तुमचं ऑपरेशन आठ जुलैलाच झालंय. इथे स्पष्ट दिसतंय."

"तुला दिसतंय गं बाई. मला दिसत नाही, म्हणूनच आलेय."

"नवा कॉम्प्युटर महिना आधी वाचतो," शेजारचे साहेब समजुतीने म्हणाले. "तारीख उलटली की ऑपरेशन झालं असं धरतो. त्याची चूक नाही."

त्यांनी मोठ्या मनाने नवी तारीख दिली: ९/१०.

"म्हणजे दहा सप्टेंबर की नऊ ऑक्टोबर?" द्वारकाबाईंनी विचारलं.

साहेबांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून तारीख पुन्हा वाचली.

"आजी," ते म्हणाले, "दोन्ही दिवशी या."