बाबांची जागा

उत्तर समुद्राच्या तळाखाली कार्बन वायू साठवता येईल का, हे तपासणारं जहाज पाण्यात हवेचे बार काढत तोरलाइव्हच्या होडीकडे येत होतं. त्या दणक्यांनी मासे परागंदा होतात. म्हणून कुठे मासेमारी चालते ते सांगायला अशा जहाजावर एक जाणता मच्छीमार ठेवावाच लागतो. रेडिओवर त्याचा आवाज आला, आणि तो तोरलाइव्हचा धाकटा भाऊ आयविन निघाला.

"दादा, जाळी काढ. आम्ही आलोच."

"गद्दारा! कुणाला सांगणार नाही म्हणून बाबांच्या उशाशी शपथ घेतलीस, आणि त्यांची माशांची जागा या लोकांना दाखवलीस?"

"छे! इथे कोणी मासे धरतं का, एवढंच त्यांनी विचारलं."

"मग?"

"मग काय, शपथ पाळली. म्हटलं, कोणीच नाही."