भिंतीचं वळण

नव्या भिंतीसाठी आखलेली चुन्याची पांढरी रेघ बरोबर महालिंगप्पांच्या समाधीवरून गेली होती. शिवम्मा त्या रेघेवर मांडी घालून बसली. जेसीबीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग मशीन बंद करून तो खाली उतरला आणि बाभळीच्या सावलीला जाऊन उभा राहिला.

शिवम्माचं वय बहात्तर. नऊ वर्षांपूर्वी तिचे मालक महालिंगप्पा गेले, तेव्हा लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना स्वतःच्याच शेताच्या कोपऱ्यात माती दिली होती. वर गुडघाभर उंचीचा दगडी चौथरा बांधला होता. दर सोमवारी ती तिथं बेल वाहायची. पुढं मानवतच्या वाटेवरचं हे सगळं शिवार विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी गेलं. मुलानं, शिवप्रकाशनं, कागदांवर सह्या केल्या आणि तो पुण्याला नोकरीवर परतला. त्या कागदांत विहीर आली, आंब्याची झाडं आली. समाधी लिहायची राहून गेली.

बघता बघता सगळी वस्ती जमली. वस्तीचा विद्यापीठावर आधीपासूनच राग होता. आवार वाढलं तशी गावात जायची जवळची वाट बंद झाली, गुरं चारायचा माळ कुंपणात गेला. भिंतीच्या कामावरच्या माणसांना प्यायला पाणीसुद्धा द्यायचं नाही, असं वस्तीनं ठरवून टाकलं होतं. सगळ्यांत पुढं होता शेजारचा सूर्यभान.

"काकू, उठू नका तुमी," तो ओरडला. "बघतो आज कोण मशीन पुढं नेतंय ते!"

तेवढ्यात मोटारसायकलवरून कामावरचा इंजिनिअर आला. सिद्धोधन त्याचं नाव. पालमचा, तिशीतला. लोकांनी त्याला घेरलं, वाटेल ते बोलले. त्यानं बूट काढले आणि तो चौथऱ्याजवळ उकिडवा बसला.

"किती वर्सं झाली, आजी?"

"नऊ."

"समाधी दुसरीकडं न्हाई का नेता येणार? विद्यापीठ जागा देईल."

"मातीत ठिवलेलं माणूस कुणी उकरून नेतेत का, लेकरा?" शिवम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला काई जादा नको. ह्या चौथऱ्यापुरती सहा फूट जागा सोडा. तेवढी बास."

सिद्धोधन उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मला दोन दिवस द्या. तवर मशीन इकडं येणार न्हाई."

"सायबाचे दोन दिवस म्हणजे दोन म्हैने," सूर्यभान म्हणाला आणि लोक हसले. शिवम्मा मात्र गुडघ्यावर हात टेकून उठली. दुसरं काय करणार होती?

ते दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. शिवप्रकाशचा फोन आला. "आई, कशाला हट्ट करायलीस? चल ना इकडं माझ्याकडं." ती नुसती "हूं" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच सिद्धोधन आला. सोबत नवा नकाशा होता, त्यावर कुलसचिव मॅडमची सही होती. भिंत आता सरळ जाणार नव्हती. समाधीपाशी ती आत वळणार होती आणि समाधी भिंतीच्या बाहेर, वस्तीच्या बाजूला राहणार होती. तिथं जायला शिवम्माला कधी कुणाची परवानगी लागणार नव्हती.

नकाशावर लिहिलेलं तिनं त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग हात जोडले. सिद्धोधननं घाईघाईनं ते खाली केले. "आसं करू नका, आजी."

सूर्यभानला कुठं बघावं कळेना. तो घरी गेला आणि गार पाण्याची कळशी घेऊन आला. पहिला तांब्या त्यानं जेसीबीवाल्याला दिला. नंतर मजुराच्या हातातला हातोडा घेऊन खुंट्या ठोकायला स्वतःच पुढं झाला. बायकांनी चुलीवर चहा ठेवला. आवार बांधायला लागल्यापासून वस्तीतला चहा भिंतीच्या माणसांना पहिल्यांदाच मिळत होता.

सिद्धोधननं टेपचं एक टोक शिवम्माच्या हातात दिलं. "धरा, आजी." दुसरं टोक घेऊन तो चालत गेला. सहा फूट झाले. तो थांबला नाही. दहा झाले. चौदा फुटांवर त्यानं पायानं माती उकरून खूण केली.

सूर्यभानचा हातोडा तसाच राहिला. "सायब, चुकायलंय तुमचं. काकूनं सहाच फूट मागितले व्हते. उद्या तुमचेच लोक म्हणतील, वस्तीनं जागा लाटली."

"न्हाई चुकलं. नकाशात चौदाच हाईत."

शिवम्मा अवघडली. आधीच ह्या पोरानं आपल्यासाठी कुणाकुणाचे शब्द झेलले असतील, असं तिला वाटलं. "नको रे, लेकरा. दिलंस तेवढंच लय झालं. एका माणसाला इतकी जागा कशाला?"

सिद्धोधन टेप गुंडाळत तिच्याजवळ आला. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलला.

"पालमला आमच्या शेजारी तुमच्यातलेच लोक राहतेत, आजी. त्यांना विचारलो. मालकाच्या बाजूला बायकोची जागा आसती म्हणले. तुमचीबी धरलो."

शिवम्मानं टेपचं टोक सोडलं नाही. हे मागणं नऊ वर्षांत तिनं पोटच्या लेकापाशीसुद्धा काढलं नव्हतं.