समीक्षाची दहा मिनिटे

एकविसावी शाल खांद्यावर पडली आणि छायाचित्रकाराने ती पुन्हा घालायला लावली, कारण पहिल्या वेळी सत्कारमूर्तीचे डोळे मिटले होते. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या इंद्रभानांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. एक वाजून पाच मिनिटे झाली होती. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : सत्कार, बारा ते सव्वाबारा.

बुलढाण्याच्या या हॉटेलात कंपन्यांच्या बैठकांची सारी व्यवस्था इंद्रभान पाहत. तंत्रनिकेतनातून त्यांनी विद्युत शाखेची पदविका घेतली होती. खुर्च्यांच्या रांगा ते दोरी लावून सरळ करीत. भाषणांना मात्र दोरी लावता येत नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीतले वक्ते आवरेनात आणि पुढच्या साखरपुड्याची मंडळी ताटे हातात घेऊन दाराबाहेर ताटकळली. तेव्हापासून माइक आणि मंचावरचे दिवे त्यांनी एका टायमरला जोडून टाकले. सकाळी वेळ लावली की मध्ये ती कोणालाच बदलता येत नसे, त्यांनाही नाही. ही रचना मुद्दाम केलेली होती. गयावया करणाऱ्याला नकार देणे त्यांना जमत नसे, टायमरला जमे.

आज टायमर दोनला लावलेला होता.

बैठक शेती अवजारांच्या विक्रेत्यांची होती आणि ती भरवणारे हिंमतराव जिल्ह्याचे मुख्य वितरक होते. पहिल्या रांगेच्या टोकाला सोनाळ्याची समीक्षा बसली होती. बायकांना न वाकता बी टोकता यावे, असे यंत्र तिने बनवले होते. पेरणी तीन आठवड्यांवर आली होती. विक्रेत्यांनी आज पाहिले तरच यंत्र यंदा शेतात उतरणार होते. जेवण झाले की सगळे आपापल्या गावी पांगणार होते. यंदाचा हंगाम हुकला तर पुढच्यापर्यंत कार्यशाळा उघडी ठेवणे तिला शक्य नव्हते. पत्रिकेत तिच्या नावापुढे दहा मिनिटे होती.

सकाळी इंद्रभानांनी ते यंत्र स्वतः हाताळले होते. स्प्रिंग एकच, तीही कुठल्याही दुकानात मिळणारी. इतकी सुटसुटीत जोडणी त्यांनी क्वचितच पाहिली होती. गालिचावर माती सांडू नये म्हणून प्लास्टिकचा कागद त्यांनीच अंथरून दिला.

"नक्की चालते ना?" त्यांनी विचारले होते.

"चालते ना काका. फक्त माहे दहा मिनिटं मले भेटले पायजे."

ती मिळतील, असा शब्द त्यांनी दिला होता.

तेविसावी शाल. चोविसावी. इंद्रभान दोनदा मंचाच्या कडेला जाऊन हिंमतरावांना घड्याळ दाखवून आले. पहिल्या वेळी हिंमतरावांनी मान डोलावली आणि मेहकरचे दोन विक्रेते अजून राहिले असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या वेळी माइकवर तळहात ठेवून ते म्हणाले, "साहेब, एखाद्याचं नाव राह्यलं तं तो मानूस वर्षभर आपल्याले दुकानाची पायरी चढू देत नाही. मले काय हौस आहे काय?" त्यानंतर देऊळघाटच्या एका विक्रेत्याच्या वडिलांचाही सत्कार झाला, कारण ते सोबत आले होते. इंद्रभानांनी पुन्हा घड्याळ पाहिले. एक शाल, एक नारळ, एक फोटो. यात माणसाला मिळते तरी काय, हे त्यांना आजवर कळले नव्हते.

पावणेदोनला शालींचा गठ्ठा संपला. समीक्षा उठली. यंत्रावरचे कापड काढून, मातीचे घमेले कागदावर ठेवून ती मंचाखाली उभी राहिली.

"एक मिनिट, पोरी," हिंमतराव म्हणाले. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली. नऊ वर्षे ज्यांच्या जिवावर आपल्या बैठका होतात, त्यांनाच आपण विसरलो होतो, असे सांगून त्यांनी इंद्रभानांचे नाव पुकारले.

इंद्रभानांनी लांबूनच हात हलवून नकार दिला. टाळ्या थांबेनात. एकतीस वर्षे त्यांनी मंच उभारले होते. मंचावर कोणी बोलावले नव्हते. ते पायऱ्या चढले. अंगावर आलेली शाल अजून उबदार होती. दोन शब्द बोला, म्हणत हिंमतरावांनी माइक हातात दिला. इंद्रभानांना एकच वाक्य बोलायचे होते : आता या मुलीचे ऐका.

या माइकमध्ये ते आजवर "हॅलो, चेक" एवढेच बोलले होते. आता समोर दोनशे माणसे गप्प बसून ऐकत होती. आपण वेळ घेणार नाही, असे त्यांनी प्रारंभीच सांगितले. मग त्यांना पत्र्याच्या शेडमधली पहिली बैठक आठवली. मग भाड्याने आणलेला भोंगा, जो भर भाषणात बैलासारखा हंबरला होता. लोक हसले. लोक हसले म्हणून आणखी एक आठवण निघाली. मग तंत्रनिकेतनातले गुरुजी. मग टायमरची कल्पना कशी सुचली, तेही त्यांनी क्रमवार सांगितले. त्यावर सर्वांत मोठा हशा झाला.

"आणि आता, ज्या मुलीसाठी मी..."

माइक बंद झाला. मंचावरचे दिवे विझले. भोजनकक्षाची दारे ठरल्याप्रमाणे उघडली आणि विक्रेते टाळ्या वाजवत जेवायला निघाले. दोघा-तिघांनी वाटेत थांबून, फार छान बोललात, म्हणून इंद्रभानांचा हात दाबला. मागच्या दाराने पुढच्या कार्यक्रमाची फुले आत येऊ लागली.

इंद्रभान शालीसकट खाली उतरले. समीक्षा यंत्रावर कापड घालत होती. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि तेच त्यांना सोसवेना. तिनेच वर पाहिले.

"काका, तुमचं यंत्र बराबर चाललं."