कापलेला टॅक्स

सुपरवायझर चौगुलेकाकांनी आयकर खात्याची नोटीस शर्वरीच्या टेबलावर ठेवली. "मॅडम, वर्षभराचा टॅक्स भरला नाही म्हणतायत. माझंच काही चुकलं असेल का?"

पंप बनवणाऱ्या छोट्या कंपनीची ती एकटीच डायरेक्टर. ऑर्डरी थंडावल्यापासून ती काकांच्या आणि आणखी तिघांच्या पगारातून टॅक्स कापायची, पण सरकारकडे भरायची नाही. पुढच्या महिन्यात भरू म्हणत वर्ष उलटलं. तो पैसा आपला नव्हताच, हे काकांचा ओशाळलेला चेहरा बघून तिला आज कळलं.

"काका, चूक माझी. कापलेला टॅक्स मी भरलाच नाही."

"मग गेला कुठे?"

"त्यातून सगळ्यांचे पगार केले."

काकांनी नोटीस पुन्हा उचलली. "म्हणजे माझाही?"

शर्वरीने मान डोलावली. "उरलेल्या तिघांनाही बोलवा," ती म्हणाली. "त्यांनाही नोटीस येण्याआधी माझ्याकडून कळू दे."