दाराखालची फट

“शुभेच्छापत्र आहे की गादी? माझ्या सदऱ्याचं बटणसुद्धा सोडलं नाहीस!” नवरा करवादला. तिनं काणाडोळा केला. पुठ्ठ्यावर पडद्याची लेस, बसची जुनी तिकिटं, रंगवलेल्या दोन खुर्च्या आणि वर ते बटण, सगळं डिंकानं घट्ट बसलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा आज पन्नासावा वाढदिवस होता आणि दोघींचा अबोला दीड वर्षाचा. कार्ड दाराखालून सरकवायचं आणि धूम ठोकायची, असा बेत होता.

पण बटण फटीत अडकलं. ती गुडघे टेकून ढकलत होती, तोच पलीकडून कुणी ओढू लागलं. मग दारच उघडलं. मैत्रीणही जमिनीवर बसली होती, हातात तुटकी लेस.

“बटणं लावू नयेत गं,” मैत्रीण म्हणाली. “गेल्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला माझे शिंपले असेच अडकले. आल्या पावली कार्ड परत आणलं.”

“अगं, मग बेल वाजवायचीस!”

“कुठल्या तोंडानं? चूक माझी होती.”

“ए, ते माझं वाक्य आहे. आत लिहिलंय, वाच.”